पहिल्या वेचणीचं बोंड

अमरावतीत कॅम्पाच्या अलीकडं, दर्यापूरच्या रस्त्याला लागून आमचं देऊळ होतं. गावकरी त्याला पाद्र्याचा बंगला म्हणत. आम्ही देऊळच म्हणायचो, दुसरा शब्द तोंडात बसलाच नाही. मातीच्या भिंती, वर कौलं, आत एक मेज आणि बसायला सतरंज्या; खुर्ची काय ती एकट्या पाद्रीसाहेबांची. मागच्या अंगाला आमची चौदा-पंधरा घरांची वस्ती आणि मधोमध देवळाची विहीर.

आमचं वर्ष या देवळाभोवती फिरायचं. दर शनिवारी एकेका घरानं पाळीपाळीनं आतली जमीन सारवायची. ईस्टर झाला की पुरुष छपरावर चढून कौलं शाकारायचे. तरी आषाढात ते गळायचंच, आणि बायका उपासनेला येताना घरचा एखादा गंज बरोबर आणायच्या, गळक्या जागी ठेवायला. दिवाळी उलटली की पहिल्या पिकाचा रविवार यायचा. ज्याच्या शेतात जे पहिलं हाती लागेल ते टोपलीत घालून मेजापुढच्या पांढऱ्या चादरीवर ठेवायचं. कुणाची ज्वारीची कणसं, कुणाच्या मुगाच्या शेंगा, बागाइतवाल्यांची वांगी नि झेंडू. मग नाताळ, आणि नाताळाची पंगत. बाहेरच्यांना वाटे, या लोकांनी सणवार टाकले. टाकले कुठले, आम्ही फक्त दिवस बदलून घेतले होते.

त्या पंगतीपायीच माझ्या सासूबाई या देवळात आल्या होत्या. तरुणपणीच विधवा झालेल्या, पदरी एक मुलगा आणि नवऱ्याच्या वाट्याचं काळं रान. एकदा पाद्रीसाहेब घोड्यावरून दर्यापूरकडं चालले असताना त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधापाशी, थांबले आणि पाणी मागितलं. सासूबाईंनी पाण्याबरोबर भाकर दिली. साहेबांनी ती तिथंच मातीत बसून खाल्ली, वर चटणीही मागून घेतली. ज्या बाईला घरच्या मंगलकार्यात कुणी पुढं येऊ देत नव्हतं, तिच्या हातचं हा परका माणूस बसून खातो, हे त्यांच्या मनातून जाईना. त्या साली नाताळाला त्या नुसत्या बघायला म्हणून आल्या, आणि सगळ्या जातींची माणसं एका रांगेत पत्रावळी मांडून बसलेली त्यांनी पाहिली. दोन वर्षांनी त्यांनी मुलासकट बाप्तिस्मा घेतला.

त्याची किंमत त्यांनी पुरती मोजली. जातीनं त्यांना वाळीत टाकलं. गावच्या विहिरीवरून घागर परत आली, दिरांनी दार लावून घेतलं, सख्ख्या पुतणीच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही. मग त्या वस्तीवर राहायला आल्या. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या की आता आपलं गणगोत म्हणजे ही पंगत. दरवर्षी नाताळाच्या आधी दोन आठवडे त्या पळसाची पानं आणून साऱ्या वस्तीच्या पत्रावळी एकट्या लावायच्या. कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

मी स्वतः देवळाच्या मास्तरांची मुलगी. वडील लवकर गेले, पण मला लिहायला-वाचायला शिकवून गेले. पाद्रीसाहेबांची मराठी पुण्याच्या पंडिताकडून घेतलेली, पुस्तकी. आमच्या बायकांचं वऱ्हाडी त्यांना उमगत नसे, आणि त्यांचं बायकांना. मध्ये मी लागायची. या दुभाषेपणाचा मला तोरा होता, हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढचं सगळं त्या तोऱ्यानं घडलं.

ती वर्षं कापसाची होती. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लढाई लागली म्हणे, तिकडचा कापूस थांबला, आणि इकडं आमच्या रानातल्या बोंडांच्या भावाला पंख फुटले. ज्यानं त्यानं ज्वारी मोडून कापसाची पऱ्हाटी लावली. गाड्या रात्रंदिवस अकोला-खामगावच्या वाटेवर. बैलांच्या शिंगांवर लोकांनी चांदीच्या शेंब्या चढवल्या. त्यातच आगगाडीचा रस्ता पडू लागला आणि उरलीसुरली माणसं मातीकामावर गेली. आमच्या घरचेही, सासूबाईंचा तो एकुलता मुलगा, हंगाम सुरू झाला तसे गाडी घेऊन निघाले, ते कधी परत येतील याचा नेम नव्हता. माझ्या पदरात दोन महिन्यांची मुलगी. त्या साली प्रथमच आम्ही अख्ख्या रानात पऱ्हाटी लावली होती, आणि ती फुटून पांढरी झाली तरी वेचायला बाई मिळेना.

शेवटी सासूबाई जुन्या गावी जाऊन दहा-बारा बायका ठरवून आल्या. त्यांना वाळीत टाकणाऱ्याच घरांतल्या त्या बायका. जात आपल्या जागी आणि वेचणी आपल्या जागी, एवढा शहाणपणा गावात असतो. बायका सकाळीच रानावर आल्या, पण धुऱ्यावरच उभ्या राहिल्या. सीतादही झाल्याशिवाय आम्ही पऱ्हाटीला हात लावणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडं पहिल्या वेचणीच्या दिवशी घरधनीण रानात जाते, उंचशा झाडाखाली पाच खडे धुऊन मांडते, हळदकुंकू वाहते, दहीभात ठेवते, पहिलं फुटलेलं बोंड आपल्या हातानं तोडते, आणि मग बाकीच्या बायका ओळी धरतात. एवढंच. पण एवढं झाल्याशिवाय कुठलीही वेचणारी रानात पाय टाकत नाही.

मी घरी, तान्ह्या पोरीजवळ. रानात मालकीण म्हणून सासूबाई एकट्या. बायका जरा कचरल्या, कारण हे सवाष्णीचं काम. तेव्हा सासूबाईंनी त्यांना सांगितलं की आमच्या देवळात विधवेला कुणी अशुभ मानत नाही, पाद्रीसाहेब स्वतः तसं सांगतात. बायकांतल्या थोरलीनं विचार केला आणि म्हणाली, रान तुमचं, तुमीच करा. आणि नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा, इतक्या वर्षांनी, माझ्या सासूनं आपल्या हातानं सीतादही केलं. कुणाकडून तरी दही मागून आणलं, हळद कुणाच्या बटव्यात होतीच. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पदराच्या गाठीतून त्यांनी ते पहिलं बोंड काढलं, टपोरं, एका पाकळीवर हळदीचा ठिपका, आणि कोनाड्यात पवित्र पुस्तकाशेजारी ठेवलं. रविवारी देवाला द्यायचं म्हणून.

आज कुणी मला विचारेल की ही दुसऱ्या देवाची पूजा झाली, हे तेव्हा तुझ्या लक्षात आलं नाही का. नाही आलं. पहिलं असेल ते देवाचं, हे देवळात आम्हाला दरवर्षी शिकवत. ते पहिलंच होतं. यापलीकडं आमच्या दोघींच्या डोक्यात काही शिरलं नाही.

त्या रविवारी चादरीवर नुसता कापूसच कापूस. वांगी नाहीत, कणसं नाहीत; पाद्रीसाहेब हसून म्हणाले की आज देऊळ कापसाच्या बाजारासारखं दिसतं आहे. मग ते टोपल्या बघत पुढं सरकले. सासूबाईंच्या टोपलीत कापसाच्या ढिगावर ते एक बोंड मुद्दाम वर ठेवलेलं होतं. साहेबांनी ते उचललं आणि हा पिवळा रंग कसला, असं सहज विचारलं. त्यांना वाटलं असेल कीड-बीड आहे. सासूबाई आनंदानं सांगू लागल्या. साहेबांना कळेना, त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

नुसतं हळद लागली एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. ते खोटंही झालं नसतं. पण साहेब विचारताहेत, सारी मंडळी ऐकते आहे, आणि ही गोष्ट मला माहीत आहे. मी अगदी नीट सांगितलं. खडे किती, हळद कुठं, दहीभात कुणापुढं. सीता कोण, तेही सांगितलं. बोलता बोलता साहेबांचा चेहरा उतरत गेला, तरी मी थांबले नाही. मला वाटलं, त्यांना माझी मराठी कळत नाहीये, म्हणून आणखी सोपं करून सांगितलं.

साहेब रागावले नाहीत, तसे ते रागावणारे नव्हतेच. त्यांनी बोंड टोपलीत परत ठेवलं आणि बुधवारी पंचांसमोर यावर विचार करू, असं म्हणाले. पंच म्हणजे मंडळीतले दोन कर्ते पुरुष. त्यांतले एक आमच्या शेजारचे, देवळाची किल्ली त्यांच्याकडं असायची, म्हणून सगळे त्यांना किल्लीवाले पंच म्हणत. सासूबाईंना एवढंच कळलं की त्यांची टोपली बाजूला काढून ठेवली. घरी येताना त्यांनी मला विचारलं, "पहिलं त्याले नाई देवाचं, तं मंग कोनाले देवाचं?"



ही बातमी वेचणीच्या बायकांना रानात कळली. आपल्यापायी या बाईवर बालंट आलं, हे त्यांच्या जिवाला लागलं. बुधवारी दुपारी त्या साऱ्या जणी वेचणी टाकून दोन कोस चालत देवळाच्या दारात आल्या. केसांत कापूस, कमरेला वेचणीच्या ओट्या तशाच बांधलेल्या. त्या दिवसांत एक दिवसाची वेचणी सोडणं ही काही लहान गोष्ट नव्हती. मला तर भरून आलं. यांनी हिला वाळीत टाकलं होतं आणि याच हिच्यासाठी पाद्र्याच्या दारात उभ्या होत्या.

साहेबांनी त्यांना ओसरीवर बसवून घेतलं. पुन्हा मीच मध्ये. थोरली म्हणाली की यात बाईचा काही दोष नाही, आम्हीच हट्ट धरला. साहेबांनी मान हलवली. मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी विचारलं की बाईंनी हे नुसतं तुमच्या समजुतीसाठी केलं की मनापासून. झालं. थोरलीला वाटलं, आता हिची चांगली साक्ष द्यायची वेळ आली. तिनं सांगितलं की बाईनं सगळं रीतसर केलं, एक गोष्ट चुकवली नाही, हात जोडून डोळे मिटून उभी राहिली, अन् तिच्या हातगुणानंच यंदाचा कापूस असा पांढराशुभ्र आला. दुसरी म्हणाली, अशी मनोभावे करणारी आम्ही पाहिली नाही. तिसरी म्हणाली, दहीभात ठेवताना बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

यातला एकेक शब्द मला साहेबांच्या मराठीत करून सांगावा लागला. गाळावा म्हटलं तर किल्लीवाले पंच शेजारीच बसलेले, त्यांना वऱ्हाडी माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. बायका समाधानानं उठल्या, जाताना सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवून गेल्या. त्यांना वाटलं, काम झालं.

साहेबांनी निर्णय दिला तो असा: सासूबाईंनी ईस्टरपर्यंत प्रभुभोजनाला, म्हणजे देवळात भाकर आणि द्राक्षारस वाटतात त्याला, बसायचं नाही. तोवर दर आठवड्याला माझ्याकडून धडा ऐकायचा. बाकी त्यांनी देवळात यावं, गावं, प्रार्थना करावी. हे त्यांनी हळूच आणि वाईट वाटून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते दमणी जुंपून अकोल्याला गेले, कारण आगगाडीच्या कामावर तिकडं बरेच ख्रिस्ती लोक आले होते आणि त्यांना पाद्री नव्हता. नाताळही ते तिकडंच करणार होते.

म्हणजे त्या नाताळात आमच्या देवळात प्रभुभोजन होणारच नव्हतं. जी भाकर सासूबाईंना मना केली, ती त्या साली कुणालाच मिळणार नव्हती. शिक्षा म्हणावी तर एवढीच होती, आणि मी मनात म्हटलं, चला, निभावलं.

पण साहेब गेल्यावर चौथ्या दिवशी सासूबाई विहिरीवरून रिकाम्या घागरीनं परत आल्या. त्या पाणी ओढायला गेल्या तेव्हा किल्लीवाल्या पंचांच्या बायकोनं आपली भरलेली घागर ओतून दिली होती आणि बाकीच्या बायका मागं सरल्या होत्या. मी तशीच तिथं गेले आणि भांडले. माझ्या तोंडाला लगाम नाही, हे वस्तीला ठाऊक होतं. त्या बायका मात्र भांडल्या नाहीत. त्यांनी मला शांतपणे सांगितलं की बाईला बंद केलं आहे, पंचांनीच सांगितलं. मी म्हटलं, साहेबांनी फक्त प्रभुभोजन बंद केलं. त्या म्हणाल्या, तेच ते.

त्यांचं खोटं म्हणून मी कुणाला दाखवू? आम्ही सगळे कुठून ना कुठून वाळीत पडून तिथं आलेलो. पंच बसले, निवाडा झाला, एका बाईला जेवणातून उठवलं. यापुढं काय करायचं ते आमच्या लोकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. हाताच्या बोटांसारखं ते पाठ होतं. देव बदलला, देऊळ बदललं, पण शिक्षेचा दुसरा प्रकारच कुणाला माहीत नव्हता. सासूबाईंनाही नव्हता. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. निवाडा म्हणजे असाच असतो, असं धरून त्या दूरच्या नाल्यावरून पाणी आणू लागल्या.

मी साहेबांना पत्र लिहिलं. चांगलं दोन पानी, शुद्ध, साहेबांच्या वळणाचं. अकोल्याला कापूस नेणाऱ्या एका गाडीवाल्याकडं दिलं. वीस दिवसांनी त्यानं ते जसंच्या तसं आणून दिलं, पागोट्यात ठेवून ठेवून मळलेलं. साहेब अकोल्याहून बाळापूरकडं गेले होते, आणि तो बाळापूरला जाणार नव्हता. दुसऱ्या कुणाकडं का दिलं नाहीस, असं विचारल्यावर तो म्हणाला की बाई, तिथं गाडीला गाडी लागली आहे, माणूस माणसाला ओळखत नाही.

नाताळ चार दिवसांवर आला तेव्हा किल्लीवाले पंच आमच्या दारात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. पंगतीत मी यावं, सासूबाईंनी येऊ नये, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं की मी त्यांच्याबरोबर घरीच जेवले तर? ते म्हणाले, "तं मंग तुमचं घरच बंद. अन् पोरीचा बाप्तिस्मा व्हाचा हाये ना अजून?"

तो माणूस दुष्ट नव्हता. माझ्या बाळंतपणात त्याच माणसानं पावसात जाऊन सुईण आणली होती. त्याला खरोखरच वाटत होतं की साहेबांच्या माघारी तो मंडळी सांभाळतो आहे. दुष्ट असता तर मी त्याचं काय ते बघून घेतलं असतं.

सासूबाई तोवर दरसालप्रमाणे पत्रावळी लावत बसल्या होत्या. मी त्यांना थांबवलं नाही. कोणत्या तोंडानं थांबवणार? नाताळाच्या सकाळी त्यांनी तो गठ्ठा देवळाच्या ओसरीवर नेऊन ठेवला. उपासना झाली, गाणी झाली. त्या दाराजवळ बसल्या होत्या, तिथून उठवण्याची कुणाची छाती झाली नाही. मग अंगणात पंगत मांडायला सुरुवात झाली आणि मी पाहिलं, पत्रावळी दुसऱ्याच होत्या. वडाच्या पानांच्या, घाईनं लावलेल्या, टाके सुटणाऱ्या. सासूबाईंचा गठ्ठा कुणीतरी मागच्या बाजूला शेळीपुढं टाकला होता.

सासूबाई फाटकाजवळ उभ्या होत्या. धुवट पांढरं लुगडं, डोईवर पदर. त्या आत आल्या नाहीत, पण गेल्याही नाहीत. त्या माझ्याकडं पाहत होत्या, एवढं मला न पाहताही कळत होतं. मांडीवर पोरगी होती. शेजारच्या बाईनं मला हाताला धरून खाली बसवलं, आणि मी बसले. कुणी ढकललं नाही, कुणी बांधलं नाही. वरण वाढलं गेलं, गुळाचा भात वाढला गेला, प्रार्थना झाली, आणि मी पानाकडं बघत राहिले. मान वर केली तेव्हा फाटकात कुणी नव्हतं.

मी त्यांच्यासाठी द्रोणात भात झाकून घरी नेला. त्या मागच्या परसात तीन दगड मांडून त्यावर भाकर भाजत होत्या. त्यांना राग आल्यासारखं काही दिसलं नाही. त्या म्हणाल्या की मी बंद आहे, माझ्या चुलीचं खाल्लंस तर तुलाही बाट लागेल, पोरीचं व्हायचं आहे. मी द्रोण खाली ठेवला. पण खरं सांगायचं तर आतून मला बरंही वाटलं, की त्यांनीच वाट काढली. त्या सुटकेची लाज मला आजही वाटते.

घरचे जानेवारीत दोन दिवस येऊन गेले. आईची वेगळी चूल पाहिली, माझ्याकडून सगळं ऐकलं, बराच वेळ बैलांना चोळत बसले. शेवटी म्हणाले की साहेब येऊ दे. आणि पुन्हा गाडी जुंपून गेले. मला त्यांचाही राग आला, पण मी तरी दुसरं काय केलं होतं? आम्ही सगळेच साहेबांची वाट पाहत होतो, आणि साहेबांना इथं काही झालं आहे याचा पत्ताच नव्हता.

ते ईस्टरच्या आदल्या दिवशी आले, उन्हानं रापलेले, तापानं खंगलेले. मी दमणीपाशीच त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं. या वेळी मात्र कसं सांगतेय याकडं माझं लक्ष नव्हतं. ऐकता ऐकता ते खाली ओसरीवर बसले. त्यांनी मला दोनदा विचारलं की पाणीसुद्धा? विहिरीचं पाणीसुद्धा? मग त्यांनी पंचांना बोलावलं. त्यांचा चढलेला आवाज वस्तीनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. किल्लीवाले पंच मान खाली घालून उभे होते, आणि आपलं नेमकं काय चुकलं हे त्यांना कळत नव्हतं, ते मला स्पष्ट दिसत होतं.

ईस्टरला साहेबांनी भर देवळात मंडळीची कानउघाडणी केली आणि सासूबाईंची माफी मागितली. एका गोऱ्या पाद्र्यानं विधवेची माफी मागितलेली मी तेव्हा पाहिली, पुन्हा कधी नाही. भाकर वाटताना ते सर्वांत आधी त्यांच्यापाशी गेले. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि खाल्ली, द्राक्षारस घेतला, डोळे मिटले. मला हुंदका आवरेना. वाटलं, संपलं एकदाचं. साहेबांनी सांगून मुद्दाम पंगत मांडवली होती, मधोमध सासूबाईंची जागा ठेवली होती. पंचांची बायको स्वतः त्यांना बोलवायला आली. सासूबाईंनी तिला, साऱ्यांनाच, हात जोडून नमस्कार केला आणि त्या सरळ घरी गेल्या. लोकांना वाटलं, म्हातारी दमली.

मी पोरीला शेजारणीकडं दिलं आणि मागोमाग गेले. परसात जाऊन ते तीन दगड उचलून कुंपणाबाहेर टाकले, राख लोटली. घरात चूल पेटवली, भाकरी केल्या, त्यांना आवडतं तसं अंबाडीचं घोटून केलं. ताट वाढून त्यांच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, "आत्याबाई, झालं आता सारं. जेवा."

त्यांनी ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्या उठल्या, कुंपणाबाहेर गेल्या, आणि एकेक करून तिन्ही दगड परत आणले. मी दारात उभी. मी म्हटलं की साहेबांनी भर देवळात सांगितलं, आता तुमी बंद नाही, कुणाच्या मनात काही नाही.

दगड मांडता मांडता त्या म्हणाल्या, "लोकायचं राहू दे. त्यायले समजलं नाई. तुले तं समजलं होतं, तू काहून बसली?"

चार महिने माझ्याकडं उत्तर तयार होतं. तान्ही पोरगी, घरात पुरुषमाणूस नाही, पंचांची धमकी, बाप्तिस्मा. सगळं खरं होतं. साऱ्या वस्तीची बोली साहेबांच्या भाषेत करून सांगणारी मी, त्या दिवशी माझ्या तोंडातून त्यातला एक शब्द निघाला नाही.

त्यानंतर त्या नऊ वर्षं जगल्या. कापसाचे दिवस सरले, लोकांनी पुन्हा ज्वारी पेरली, आगगाडी आली. सासूबाई शनिवारी आपल्या पाळीला देऊळ सारवायच्या, रविवारी माझ्या शेजारी बसून गायच्या, माझं दुखलंखुपलं तर रात्र रात्र उशाशी बसायच्या. माझी मुलगी त्यांच्या चुलीवर एक घास आणि माझ्या चुलीवर एक घास खात मोठी झाली. कडू शब्द त्या मला कधी बोलल्या नाहीत. मी रोज दोन्ही वेळेला परसाच्या दारात जाऊन म्हणायची, आत्याबाई, चला जेवाले. त्या रोज म्हणायच्या, "झालं माहं."